पणजोबा गेले त्या वाटेनं

संक्रांत होऊन चार दिवस उलटले तरी आत्तीच्या दारावरची नाताळची चांदणी उतरलेली नव्हती. गडमुडशिंगीत तिचं घर आहे. वारा फिरला की पशुखाद्य कारखान्याकडून पेंडीचा नि भुशाचा वास ओसरीपर्यंत येतो, आणि उजळाईवाडीच्या धावपट्टीवर विमान उतरायला लागलं की बोलणारा माणूस आपोआप थांबतो. आत्ती ओसरीवर सूप घेऊन पावटे सोलत बसली होती. मी कोल्हापुरातून एक निरोप घेऊन आलो होतो, आणि तो कसा सांगायचा ते रस्त्यात ठरवलेलं सगळं पायरी चढताना विसरलो.

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. नाताळला घरी आला तेव्हा त्यानं आईबापाला सांगितलं की तो बौद्ध धम्माची दीक्षा घेणार आहे. कुणाशी भांडण नव्हतं, लग्नाचं प्रकरण नव्हतं. तीन वर्षं वाचत होता, इगतपुरीला दोनदा विपश्यनेला जाऊन आला होता, आता मनाशी ठरलं होतं. भाऊ दोन दिवस जेवला नाही. वहिनी पाळकसाहेबांकडे जाऊन रडून आली. आत्तीला सांगायचं काम माझ्या वाट्याला आलं, कारण त्या पोराच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याला हातांवर घेऊन वेदीपुढं उभी राहिली होती ती आत्ती.

"सांग की," ती म्हणाली. "तोंडावरनंच कळतंय काहीतरी आहे."

मी सांगितलं. तिनं शेंग मोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं, दुसरी शेंग घेतली.

"दाखला पाहिजे असेल त्याला."

या एका वाक्यात केवढं काय भरलेलं आहे ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. अनुसूचित जातींची यादी ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश १९५० साली निघाला. हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले ते आजतागायत. माझे पणजोबा ज्या महारवाड्यातून उठून मिशनात गेले, त्याच वाड्यातले, त्याच आडनावाचे आमचे भाऊबंद पुढं बाबासाहेबांच्या मागून बौद्ध झाले. आडनाव एक, शिवाशीव सोसली ती एकच, आणि आज त्यांच्या पोरांच्या हातातला कागद वेगळा, आमच्या पोरांच्या हातातला वेगळा. त्यामुळे आमच्यात कुणी इकडं-तिकडं झालं की पहिला संशय कागदाचा येतो. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईंच्या खटल्यात सांगितलं की मनात श्रद्धा नसताना निव्वळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं दाखवणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे. निकाल आला त्या आठवड्यात आमच्या मंडळीत उपासनेनंतर अंगणात दुसरा विषय नव्हता.

"आत्ती, तो खाजगी कंपनीत आहे. दाखला काढून करणार काय?"

"मग कुणीतरी डोक्यात भरवलं असणार."

"पणजोबांना हेच म्हणाले होते."

"कोण?"

"भावकी. आधी म्हणाले, ज्वारीसाठी बाटला. मग म्हणाले, पाद्र्यानं डोक्यात भरवलं."

तिचा हात थांबला. आमच्या घरातली ही सगळ्यांत जुनी जखम. लहानपणी शाळेत "बाटगे" हा शब्द मीही ऐकलेला आहे, आणि तो ऐकून घरी आलेल्या पोराला जवळ घेणारी आत्तीच होती. मला तो शब्द असा वापरायचा नव्हता. पण तिनं भाच्याच्या पोराबद्दल जे पहिल्या झटक्यात म्हटलं ते तेच होतं, फक्त ज्वारीच्या जागी दाखला.

"ज्वारी मिळाली होती," आत्ती सावकाश म्हणाली. "बाबांनी कधी लपवलं नाही. दुष्काळात आजोबा कोडोलीला मिशनच्या कामावर गेले, तिथं ज्वारी मिळाली, म्हणून घर जगलं. बाप्तिस्मा १९०१ चा. पण पुढं पाऊस झाला की रे. ज्वारी आपल्या शिवारात पण आली. वाड्यातनं निरोप येत होते, परत ये, जातीत घेतो. का नाही परतले? ज्वारीसाठी गेलेला माणूस सुगीला घरी येतो."

मी इतिहास शिकवतो, पण धर्मांतराच्या खरेपणाची याहून सरळ परीक्षा मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आला. शाळा काढल्या, वर्षानुवर्षं राबला, पण त्याच्या हयातीतल्या कामाला म्हणावी तशी माणसं मिळाली नाहीत. महाराष्ट्रात गावकुसाबाहेरची माणसं मोठ्या संख्येनं मंडळीत आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांच्या आगेमागे. त्यामुळे "पोटासाठी" हा शिक्का आमच्यावर बसला, आणि आम्ही तो पुसायला चार पिढ्या घालवल्या. पोट आणि आत्मा वेगवेगळ्या डब्यांत ठेवता येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी उपासमार पाहिलेली नसते. ज्यानं भाकरी दिली आणि शेजारी बसवून दिली, त्याचा देव कोण आहे असं विचारावंसं वाटणं हा काही लबाडीचा विचार नाही.

"मग ह्या पोरालाही सुगीपर्यंत वेळ दे," मी म्हणालो. "तोही परततो का ते दिसेल. आज कशावरून म्हणतेस की त्याचं खरं नाही?"

विमान आलं. दोघंही गप्प बसलो. विमानतळाच्या वाढीसाठी या गावाची जमीन गेली, त्याची बोलणी ओसऱ्याओसऱ्यांवर अजून चालतात. आवाज विरला तसं तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"तू मला पुस्तकातलं सांगू नको. टिळकांचं सांगणार असशील तर माहितीय मला."

सांगणारच होतो. दर रविवारी आमच्या मंडळीत नारायण वामन टिळकांची गीतं म्हटली जातात. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी दोन वर्षं, नागपूरहून जाताना आगगाडीत एका गोऱ्या माणसानं हातात नवा करार ठेवला तिथपासून, त्यांची आत घालमेल चाललेली होती. त्यांच्याही आधीचे बाबा पदमनजी. बेळगावात १८३१ साली जन्मले, मुंबईत परमहंस सभेच्या मंडळींत वावरले, शंका काढत, मागं-पुढं होत १८५४ मध्ये बाप्तिस्म्यापर्यंत आले, आणि पुढं 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी तो सगळा खाचखळग्यांचा रस्ता लिहून ठेवला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेजला, १८८३ साली. बाप्तिस्म्यानंतरही स्वतःच्या बुद्धीला पटलं नाही ते त्यांनी कुणाच्या दडपणानं मान्य केलं नाही. ज्या मठवासिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच त्या वर्षानुवर्षं वाद घालत राहिल्या.

"या सगळ्यांच्या तसबिरी आपण लावतो," मी म्हणालो. "का लावतो? आईबापाचा धर्म त्यांनी विचार करून सोडला म्हणून. आपली सगळी मंडळी उभीच आहे धर्म बदललेल्या माणसांच्या खांद्यावर. आणि आपल्यातलं एक पोर विचार करून उठलं की आपण म्हणतो, डोक्यात कुणी भरवलं. आपल्याकडे येणारा माणूस सत्याच्या शोधात येतो, आणि आपल्यातून जाणारा बहकून जातो, हे कसं?"

"कारण येणारा जिथं यायचं तिथं आला," आत्ती म्हणाली. तिच्या आवाजात शंका नव्हती. "मी डॉक्टरला सारखं विचारत नाही की दुसरं औषध बघूया का. गुण आला तर माणूस तेच घेतो."

"पण त्याला गुण आला नसेल तर?"

"ते त्यानं मला येऊन सांगायला पाहिजे होतं." इथं मात्र तिचा आवाज हलला. "तीन वर्षं वाचत होता म्हणतोस. तीन नाताळ झाले की. माझ्या हातच्या करंज्या खाऊन गेला. एकदा म्हणाला नाही, आत्तीआजी, मला प्रार्थनेला बसलं तरी कोण ऐकतंय असं वाटत नाही."

मी गप्प. कारण तो का म्हणाला नाही ते मला माहीत होतं. दृढीकरणाच्या वर्गात मी चौदा वर्षांचा असताना एक प्रश्न विचारला होता: आपण दुसरीकडे जन्मलो असतो तर हाच देव खरा वाटला असता का? वर्ग घेणाऱ्या गृहस्थांनी उत्तर दिलं नाही, माझ्या वडिलांना सांगितलं. वडिलांनीही उत्तर दिलं नाही, फक्त महिनाभर माझ्याकडे आजारी पोराकडे बघावं तसं बघत राहिले. त्यानंतर मी तो प्रश्न कुठंही काढला नाही. आमच्या घरात शंका बोलायची जागाच नव्हती. साक्ष द्यायला माइक होता.

"आणि टिळकांचं म्हणतोस," आत्ती पुढं बोलायला लागली, "तर लक्ष्मीबाईंचं पण म्हण. तुम्ही सगळे पुरुष टिळकांची बाजू सांगता. तो माणूस उठला आणि गेला. मागं राहिली ती बाई. मुलगा पदरात, माहेर-सासर दोन्हीकडं तोंड दाखवायची चोरी, नवरा जिवंत असून घर नाही. पाच वर्षं! मी तिचं 'स्मृतिचित्रे' मिरजेला रात्रपाळीत वाचलं. सगळी म्हणतात किती हसवतं. मला त्या पाच वर्षांवर हसू आलं नाही. जो धर्म बदलतो तो कुणाला तरी फलाटावर सोडून जातो, आणि गाडीतला माणूस पुढं बघत असतो."

याला माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हतं, आणि आता लिहितानाही पुरतं नाही. इतकी वर्षं हा इतिहास मी जाणाऱ्याच्या बाजूनं वाचला. आत्तीनं तो मागं राहिलेल्या बाईच्या बाजूनं वाचला होता, आणि माझ्या वहिनीला तिनं त्या बाईच्या जागी बघितलं होतं. पाळकसाहेबांपुढं रडणारी वहिनी धर्मासाठी रडत नव्हती. पुढच्या नाताळला मुलगा घरी असेल पण बाकावर शेजारी नसेल, आपण मेल्यावर त्याच कबरस्थानात तो येणार नाही, यासाठी रडत होती. कोल्हापूरच्या ख्रिस्ती माणसासाठी मंडळी म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान नव्हे. लग्न जुळवणारी तीच, खांदा द्यायला येणारी तीच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार, शंभरात एकसुद्धा पुरा नाही. एवढ्याशा घरातून एक उठला तरी जागा रिकामी दिसते.

तरी मी म्हणालो, "आत्ती, पण लक्ष्मीबाईंनी शेवटी काय केलं? त्या नवऱ्याच्या मागून ओढल्या गेल्या नाहीत. आधी त्यांची शिवाशीव सुटली, ती त्यांची त्यांना कळून सुटली. मग १९०० मध्ये बाप्तिस्मा. नवऱ्याला पाच वर्षं थांबावं लागलं. त्यांनी स्वतःच्या पायानं चालायचा हक्क सोडला नाही, म्हणून तर त्यांचं आपल्याला कौतुक."

"मी कुठं म्हणाले हक्क नाही म्हणून? दुखतं म्हणाले."

दुखतं म्हणजे चुकीचं, असं आम्ही दोघंही नकळत धरून चाललो होतो; ती निदान तिथून बाहेर पडली.

मग बोलणं बाजूच्या गावाकडे वळलं, जसं आत्तीशी बोलताना नेहमी वळतं. इथून जवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत रशियानं सैबेरियाकडे हाकललेली, इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात पोचलेली. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. आत्तीचे वडील तरुणपणी त्या छावणीत भाजी घालायला जात.

"बाबा म्हणायचे, गोरी माणसं पण इतकी गरीब असतात हे तिथं पहिल्यांदा बघितलं. अंगावरच्या कपड्यांवर आलेली. पण तिथं चर्च होतं, क्रूस होता, रविवारी सगळी बाया-पोरं स्वच्छ होऊन जायची. सगळं गेलं पण तेवढं सोडलं नाही त्यांनी. सिंधी आले ते पण तसेच, घरदार तिकडं टाकून झुलेलालला घेऊन आले. आणि या पोराचं काय गेलं म्हणून हा हातातलं टाकतोय?"

"काही गेलं नाही, म्हणूनच तो मोकळेपणानं बघू शकतो. हिसकावणारा समोर असला की माणूस घट्ट धरतो. ते थोरच आहे. पण हिसकावणारं कुणी नसताना आपली मूठ आपण उघडून आत काय आहे ते बघायला वेगळं धैर्य लागतं."

"बघू दे की. मी बघायला ना म्हणत नाही."

आणि बघितल्यावर आत काही सापडलं नाही तर? हा खरा प्रश्न आम्ही दोघंही जरा लांबच ठेवत होतो. त्याऐवजी मी तिला गोव्याच्या गावड्यांची हकीकत सांगितली, कारण ख्रिस्ती माणसं सामुदायिकपणे दुसरीकडे गेल्याचं आपल्या भागातलं ठळक उदाहरण तेच. १९२८ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे विनायक महाराज मसूरकर गोव्यात उतरले आणि हजारो ख्रिस्ती गावड्यांना त्यांनी शुद्धी करून हिंदू करून घेतलं. पोर्तुगिजांच्या काळात बाटवलेले, पण शेकडो वर्षं चर्चमध्येही खालच्याच बाकावर बसलेले लोक होते ते. गेले. मात्र तिकडेही जुन्या हिंदू गावड्यांनी त्यांना सहजासहजी आपल्यात घेतलं नाही. त्यांची वेगळीच ओळख झाली, नवहिंदू गावडे.

"म्हणजे हिकडचे नाहीत, तिकडचे नाहीत," आत्ती म्हणाली. "आपल्यासारखेच."

पावणेदोनशे वर्षांपूर्वी तर परतीचा दरवाजाच नव्हता. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रीचा बाप्तिस्मा झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहून जेवलेला होता, एवढ्यावर जातीबाहेर गेला. कोर्टानं त्या अल्पवयीन पोराला बापाच्या हवाली केलं, पण त्याला परत पंक्तीला घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची खटपट केली तेव्हा त्यांनाच सनातन्यांचा रोष सोसावा लागला. आज कायद्याच्या भाषेत दरवाजा आहे. ख्रिस्ती कुटुंबातला माणूस हिंदू धर्मात परतला तर त्याला मूळ जात सिद्ध करावी लागते, धर्मांतर सिद्ध करावं लागतं, आणि त्या जातीनं आपल्याला स्वीकारलंय हेही दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं. धर्म बदलायचा, आणि पावती जातीकडून आणायची. माझ्या पुतण्यानं तो रस्ता धरला नाही याचं मला बरं वाटतं, हे इथं लपवत नाही.

त्यानं धरलेला रस्ता बाबासाहेबांचा. इथून पूर्वेला माणगाव आहे, तिथं १९२० च्या मार्चमध्ये शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांना भर परिषदेत समाजाचा पुढारी म्हणून पुढं केलं. येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. एकवीस वर्षं आणि वर एक दिवस. मधल्या काळात ख्रिस्ती पुढारी, शीख पुढारी, मुसलमान पुढारी सगळे त्यांच्या दारी गेले. आमच्याकडे ते का आले नाहीत हा प्रश्न आमच्या मंडळीत क्वचितच नीट विचारला जातो. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या वाट्याला चर्चमध्येही जातच आली, यावर त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे. ते आम्हाला झोंबतं, म्हणून आम्ही वाचत नाही.

"एकवीस वर्षं विचार केला त्यांनी," आत्ती म्हणाली. "हे तीन वर्षांचं."

"त्यांच्या मागं लाखो माणसं होती. याला एकट्यालाच जायचंय."

"प्रतिज्ञा घ्यावी लागते ना रे? बावीस. मी ऐकल्यात. दवाखान्यात आमच्या बरोबरची एक सिस्टर होती, तिच्या घरी लावल्या होत्या. त्यात येशूचं नाव कुठं आहे?"

नाही. हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. त्या प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेश सोडायचे आहेत, राम-कृष्ण, गौरी-गणपती सोडायचे आहेत, हिंदू धर्म सोडायचा आहे. आमच्या घरातलं पाचव्या पिढीचं पोर उभं राहून जे सोडतो म्हणणार, ते त्याच्या खापरपणजोबानं १९०१ सालीच सोडलेलं आहे. आणि जे तो खरोखर मागं टाकणार, त्याचा तिथं उच्चारच नाही.

"मग येशूला सोडतो असं त्याला कुणी म्हणायला लावणार नाही," आत्ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. ती हे कशाच्या तरी पुराव्यासारखं मनात ठेवून देत होती. तिला त्यातून फार मोठा दिलासा काढू द्यावा की नाही, मला कळेना. पुतण्याशी माझं बोलणं झालेलं आहे. येशू त्याला चांगला माणूस वाटतो. आत्तीला तो तेवढाच वाटत असता तर ही चर्चाच झाली नसती.

मला टिळकांचं शेवटचं पर्व आठवलं. १९१७ मध्ये मिशनच्या चाकोरीतून बाहेर पडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एका ठिकाणी बसवायचं होतं. दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला ते गेले, आणि तो दरबार मोडला. तो टिकता तर माझ्या पुतण्याला बसायला आज एखादा पाट मिळाला असता, असं मला वाटतं. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत पोचल्याचं सांगणाऱ्या माणसाला दोन वाटा एकमेकींना लागतात हे ठाऊक होतं. आम्ही त्यांची गीतं ठेवली आणि तो पाट उचलून ठेवला.

"तू मला अजून विचारलं नाहीस," आत्ती म्हणाली.

"काय?"

"मी बदलीन का म्हणून. त्याच्याबद्दल बोलतोयस सकाळपासनं."

मी विचारलं.

"मिरजेला मिशन हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं काढली. एका रात्री भाजलेली पोरगी आली. बावीस-तेवीसची. स्टोव्ह म्हणून लिहिलं होतं, स्टोव्ह नव्हता ते सगळ्यांना माहीत होतं. वाचणार नव्हती. तिला हात लावायला अंगावर जागा नव्हती, फक्त उजव्या पायाचं पाऊल तेवढं चांगलं राहिलं होतं. मी पहाटेपर्यंत ते पाऊल धरून बसले. प्रार्थना केली, वाचव म्हणून. वाचली नाही. दर्ग्याकडून बांग आली तेव्हा ती गेली. आता तू विचारशील, मग प्रार्थनेचं काय झालं."

मी काही विचारलं नाही.

"काही झालं नाही. पण त्या रात्री त्या खोलीत आम्ही दोघी नव्हतो, तिघं होतो. हे मी तुला सिद्ध करून दाखवू शकत नाही. त्यालाही भाजलेलं, टोचलेलं माहीत होतं, आणि तो तिथं होता. बुद्ध मोठा आहे, मी वाईट बोलणार नाही. दुःख कशानं होतं ते त्यानं सांगितलं. मला त्या रात्री कशानं होतं ते नको होतं, बरोबर कोण आहे ते पाहिजे होतं. तेव्हा मला विचारतोस बदलशील का, तर मी धर्मात नाहीच रे. मी त्याच्याजवळ आहे. धर्म बदलता येतो. माणसाला सोडून कसं जायचं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघितलं.

"आणि तू?"

मी खरं तेच सांगितलं. मी बदलणार नाही, असं मला वाटतं. पण माझ्या न बदलण्यात तिच्यासारखी एकही रात्र नाही. उपासनेतली गीतं तोंडपाठ आहेत म्हणून, आईची कबर तिथं आहे म्हणून, रविवारी सकाळी दुसरं कुठं जावंसं वाटत नाही म्हणून मी आहे तिथं आहे. पुतण्यानं तीन वर्षं स्वतःला विचारलं ते मी पन्नास वर्षांत एकदाच विचारलं, चौदाव्या वर्षी, आणि घाबरून गप्प बसलो. आमच्या तिघांत ज्यानं धर्माचा खरोखर विचार केलाय अशी दोन माणसं आहेत, एक राहिलेली आणि एक निघालेला. मला आज त्या दोघांचा हेवा वाटतो. ज्याला जायची मुभा कधी नव्हतीच त्याच्या राहण्याला राहणं म्हणता येत नाही, हे मी मंडळीतही उभं राहून म्हणायला तयार आहे, आणि हे लिहितोय ते त्याचसाठी.

"तू पण लहानपणी विचारलं होतंस म्हणे काहीतरी," आत्ती म्हणाली. "तुझ्या बापानं मला पत्र लिहिलं होतं. घाबरला होता. मी उत्तर पाठवलं होतं, पोराला बोलू दे म्हणून. दिलं नाही वाटतं त्यानं तुला."

नव्हतं दिलं.

ती आत गेली आणि बायबल घेऊन आली. काळ्या पुठ्ठ्याचं, कडेला शिवण उसवलेलं. आमच्याकडे पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्यांची नावं असतात: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, आणि शेवटी 'प्रभूत झोपी गेले'. वरच्या ओळी टाकानं लिहिलेल्या, शाई तपकिरी झालेली. खालच्या बॉलपेनच्या. पुतण्याचं नाव तळाशी, आत्तीच्याच अक्षरात, बाप्तिस्म्याच्या तारखेसह. पुढची जागा मोकळी.

"भाऊ म्हणत होता, मंडळीच्या वहीतून नाव कमी करावं लागेल," मी म्हणालो.

"त्या वहीचं पाळक बघतील. ही वही माझी आहे." तिनं पान मिटलं नाही. "मार्कात तो श्रीमंत माणूस आहे बघ. विचारायला आला, ऐकलं, झेपलं नाही, तोंड पाडून गेला. येशूनं त्याच्याकडं बघून त्याच्यावर प्रीती केली, एवढंच लिहिलंय. मागं धावला नाही. शिव्या दिल्या नाहीत. नाव कमी करा म्हणाला नाही. लोक मला उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायला येतील आता, प्रार्थना करा परत येईल म्हणून. पण तो पुत्र वडिलांचा पैसा उडवून गेला होता. आपलं पोर तसलं नाही. ती गोष्ट त्याला लावायची नाही कुणी."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. शेजारच्या घरातली मुलगी वाटीत उरलेले तिळाचे लाडू घेऊन आली. आत्तीनं वाटी रिकामी करून तीत पावटे भरून दिले.

"दीक्षा कुठं घेणार म्हणाला?"

"पुण्यातच बहुतेक. वैशाखात, पौर्णिमेच्या सुमारास."

"मी वंदना म्हणणार नाही," ती म्हणाली. "हातही जोडणार नाही. बसून राहीन."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"बघतोस काय? त्याला धरून मी उभी होते तेव्हा. आता कोण उभं राहणार? तुझा भाऊ? तो काय यायचा नाही. वहिनीला मी सांगते." तिनं सूप परत मांडीवर ओढलं. "उन्हाळा असेल. मला गाडीत पुढं बसवायचं, मागं बसलं की मळमळतं."